पीक निघेपर्यंत

सोलापूर
३ ऑक्टोबर २०२३

विजू,

फोन करू नकोस म्हणून पत्र लिहिते आहे. तू मंद्रूपहून ओरडतेस, माझ्या कानातलं मशीन शिटी मारतं आणि मी सगळ्याला "हं" म्हणून मोकळी होते. मागच्या खेपेला तू कुणीतरी वारल्याचं सांगितलंस आणि मी "छान झालं" म्हणाले. त्यापेक्षा अंगणवाडीचं ट्रेनिंग संपल्यावर आपण एकमेकींना लिहायचो तसं लिहू. तुझं अक्षर अजून रजिस्टरमधल्यासारखं सुवाच्य असेल अशी आशा आहे.

राजशेखरने पुण्यात फ्लॅट घेतला, नवव्या मजल्यावर. वास्तुशांतीला जाऊन आले. जेवणं झाली, पाहुणे पान खात बसले होते आणि हा उभा राहिला. म्हणाला, आई आता सोलापूरचं घर बंद करून कायमची आमच्याकडे येणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेने, धनलक्ष्मीने, मला माझ्या खोलीचे पडदेही दाखवले. पोराचा दिवस होता, मी काय बोलणार? म्हटलं, "परसातल्या वाफ्यातलं पीक निघालं की येते." सगळ्यांच्या कानावर घालून शब्द दिला आणि तुला माहीत आहे, दिलेला शब्द मी मोडत नाही. वाफ्यात तेव्हा मेथी होती. ती गेल्या आठवड्यात संपली.

आता तुझं काम. सांबारात घालतात तो छोटा कांदा बियापासून करतात का? आमच्या कानडीत सगळीच उळ्ळागड्डी, पण मी म्हणते तो लसणासारखा घोसात येणारा. दुकानदार म्हणाला, हा कांदे लावूनच करतात, बी कुणी नेत नाही. तरी खालच्या फळीवर तमिळनाडूकडचं एक पाकीट धूळ खात पडलं होतं, ते मी उचललं. शेजारचे सिद्धप्पा पाकीट बघून म्हणाले, "अक्का, याला लई दिवस लागतील की." मी लगेच पैसे दिल्याचं त्यांना सांगितलं. कसं पेरायचं ते सविस्तर कळव.

तुझी
महेश्वरी


मंद्रूप
१४ ऑक्टोबर २०२३

प्रिय अक्का,

तुझं पत्र घेऊन पोस्टमन दारात आला आणि मी फोडेपर्यंत उभाच राहिला. त्याला वाटलं कोर्टाचं काही असेल. चहा पाजून वाटेला लावला.

तू शहरात राहून वेडी झालीस. आमच्या रानात चाळीस वर्षं कांदा आहे, पण हा छोटा कांदा बियापासून करताना मी कुणाला बघितलं नाही. एक कांदा पुरला की त्याचे पाच-सहा होतात, देवाने सोय केलेली आहे. बाजारातून अर्धा किलो आण, वाफ्यात चार बोटांवर लाव, अडीच महिन्यांत हातात पीक. संक्रांतीला तू पुण्यात.

तरी बीच टाकायचं म्हणतेस तर ऐक. आधी मातीची हातभर रुंद गादी कर, जुनं शेणखत चाळून घाल. बोटाने रेघा ओढ, बी नखभर खोल टाक, त्याहून खाली नको. वर गोणपाट ओलं करून पसर आणि झारीने पाणी दे. आठ-दहा दिवसांनी खालून हिरवं दिसलं की गोणपाट लगेच काढ, नाहीतर रोपं पिवळी पडून मान टाकतात. दीड-पावणेदोन महिन्यांनी उपटून वाफ्यात लावायची. कांदे मार्च-एप्रिलला. एवढा उशीर लावून पोराला ताटकळत ठेवू नकोस. त्याच्यासारखा न्यायला येणारा पोरगा सगळ्यांना नसतो.

विजयमाला


सोलापूर
२६ नोव्हेंबर २०२३

विजू,

मला लवकर मोकळं व्हायचंय असं मी कुठं लिहिलं होतं? परत एकदा पत्र वाच. तू कांद्यातली मोठी शहाणी, पण माणसाचं तुला चटकन कळत नाही.

बी उगवलं. दोरा ओवून दुमडून ठेवावा तशी रोपं निघतात, टोक अजून मातीतच. मी दोन दिवस तिथून हलले नाही. सिद्धप्पांना गवत वाटलं, काढायला वाकले होते. त्यांना मी असं काही ओरडले की गल्लीतली दोन दारं उघडली. आता नळाला पाणी आलं की पहिली झारी रोपांना, मग माझी अंघोळ.

हिशोब तुला सांगते, तुझ्यापाशीच ठेव. कांदे निघणार एप्रिलमध्ये. पण मी ते खाणार नाही, त्यातले चांगले बी धरायला ठेवणार. ते दिवाळीनंतर परत लावायचे, त्यांना फुलं येणार आणि बी हातात यायला पुढचा उन्हाळा. दीड वर्ष झालं. शब्दही राहिला आणि मीही इथंच राहिले. म्हणून बी.

राजशेखर वाईट असता तर सोपं होतं गं, भांडले असते. तो चांगला आहे. सूनही चांगली आहे, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची नावं तिला पाठ आहेत. तिथं गेले की मला हातात ताट मिळेल आणि मी दिवसभर पडदे बघेन. इथं मी सकाळी दार उघडते आणि माझं कुणावाचून अडत नाही. आठ वर्षं एकटी राहिले ते नाइलाजाने राहिले असं सगळ्यांना वाटतं. मला आवडतं म्हणून राहिले.

महेश्वरी


मंद्रूप
२० जानेवारी २०२४

प्रिय अक्का,

वाचून हसले आणि मग राग आला. तू पोराला फसवतेस. कांद्याच्या आड लपून फसवतेस, म्हणून ते फसवणं नाही असं तुला वाटतं.

माझं बघ. मी पोरगा आणि सून मायाक्का यांच्या घरात राहते. चूल तिची, मी रानात. कधी माझा शब्द खाली पडतो, कधी तिचा. माणसात राहायचं म्हणजे असंच. तुला एवढं काय अवघड आहे? उद्या न्हाणीघरात पाय घसरला तर सिद्धप्पा उचलणार आहेत का?

कांद्याचं मात्र सांगते. रोपं लावली असतील तर पाणी दाबून देऊ नकोस. पातीवर पांढरे ठिपके आले तर फुलकिडे समजायचे, निंबोळीचा अर्क मार.

विजयमाला


सोलापूर
२८ एप्रिल २०२४

विजू,

पाय घसरला नाही. कांदे निघाले.

मार्चअखेरीला पात आपोआप आडवी पडायला लागली तेव्हा मला वाटलं मेलं सगळं. मग तुझ्या रानात बघितलेलं आठवलं की माना पडल्या म्हणजे कांदा झाला. पाणी तोडलं, आठवड्याने काढले. एकेका बियाला कुठं दोन, कुठं तीन कांदे, वर तांबूस साल. सावलीत वाळवून तोलले, पावणेचार किलो भरले. सिद्धप्पांना मूठभर दिले, तेव्हापासून ते मला कृषी अधिकारी म्हणतात.

पाडव्याला राजशेखर आला होता. वाफा मोकळा बघून त्याचा चेहरा उजळला. "निघालं की पीक," म्हणाला. मी म्हटलं, हे कसलं पीक, बियापासून सुरुवात केली ती बी हातात आल्यावरच पुरी होणार. मग म्हणाला, "आई, तू वकील व्हायला पाहिजे होतीस." जेवला आणि गेला. रस्त्यात त्याला वाईट वाटलं असणार, मलाही वाटलं. पण मी हललेली नाही.

निवडक साठ कांदे जाळीत घालून माजघरात वाऱ्याला टांगलेत. पावसाळाभर सडू न देणं एवढंच आता माझ्या आयुष्याचं काम.

महेश्वरी


मंद्रूप
१५ मे २०२४

प्रिय अक्का,

कांदे झाले ते ऐकून बरं वाटलं. मी हरले, बियापासून होतो.

पण आता पुरे कर. वय होतंय. पोरगा हळवा आहे, त्याला रात्रंदिवस घोर लागून राहिलाय. मला कुणी काही सांगितलं म्हणून लिहीत नाही, माझ्या मनानेच लिहिते. तू पुण्याला गेलीस तर मलाही यायला एक ठिकाण होईल. लिफ्टमध्ये बसून बघायचंय मला.

जाळीतले कांदे पंधरा दिवसांनी चाचपून बघ, मऊ लागला तो काढ. एक सडला की शेजारचे सडवतो.

विजयमाला


सोलापूर
४ जानेवारी २०२५

विजू,

साठातले त्रेचाळीस जगले. दिवाळीनंतर लावले आणि आता त्यांना डेंगळे आलेत. गुडघ्याएवढे पोकळ दांडे, टोकाला कळीची बंद पिशवी. फुटली की गोंडा, आणि गोंड्यात बी. दिवसातून चारदा जाऊन मोजते. एकशे अकरा आहेत.

राजशेखर म्हणाला, मे महिन्यात न्यायला येतो, आता नवीन काही काढू नकोस. मी "बघू" म्हटलं. मनात म्हटलं, बी हातात आलं की ते पेरायलाही पाहिजे.

गड्ड्याला ये की. सिद्धेश्वराची यात्रा बघून किती वर्षं झाली तुला? एक रात्र राहा. मशीन नवीन घेतलंय, समोरासमोर बसलं की नीट ऐकू येतं.

महेश्वरी


सोलापूर
२३ जानेवारी २०२५

विजयमाला,

तू आलीस, आपण गड्ड्यावर फिरलो, भजी खाल्ली, झोपाळ्याला घाबरून परत फिरलो. बारापर्यंत गप्पा मारल्या. सकाळी मी पूजेला बसले होते, तू बाहेरूनच "एसटी चुकंल" म्हणून ओरडलीस आणि चहाही न घेता गेलीस. मला वाटलं, रानाची ओढ.

नऊ वाजता मी परसात गेले. एकशे अकराच्या एकशे अकरा डेंगळे बुडापासून मोडलेले. आधी मला शेळी वाटली. पण शेळी मोडलेल्या दांड्यांच्या चार जुड्या बांधून भिंतीशी उभ्या करत नाही. ती बांधायची पद्धत मी तुझ्या रानात बघितली आहे.

मी खाली बसले ती दुपारपर्यंत उठले नाही. मग राजशेखरला मेसेज केला की तुझ्या मनासारखं झालं. त्याने काय उत्तर दिलं असेल? "विजयमाला मावशी गेल्या मे महिन्यातच म्हणाल्या होत्या, मी बघते म्हणून." तुझं ते पत्र मी काढून परत वाचलं. कुणी काही सांगितलं म्हणून लिहीत नाही, असं तू लिहिलंस. मी न विचारताच लिहिलंस.

माझ्या घरात झोपून, माझ्या हातचं खाऊन तू माझं दीड वर्ष मोडलंस. सरळ सांगायचं तरी होतंस. शत्रूदेखील समोरून वार करतो.

उत्तर पाठवू नकोस.

महेश्वरी


मंद्रूप
३ फेब्रुवारी २०२५

अक्का,

पाठवणारच.

पहिलं. राजशेखरचा फोन आला होता, गेल्या मे महिन्यात. रडत होता. मी "बघते" म्हणाले आणि तुला पत्र लिहिलं. त्याचं नाव लपवलं, ती माझी चूक, मान्य.

दुसरं. डेंगळे मी मोडले. त्याच्यासाठी नाही. मी पहाटे पाचला उठते, तुझ्या घरात सगळं शांत, करायला काही नाही. परसात गेले. धड उजाडलं नव्हतं. वाफ्यात तण होतं ते काढलं. कांद्यात डेंगळा दिसला की मोडायचा, नाहीतर कांदा पोसत नाही, हे सासूने मला लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात शिकवलं. चाळीस वर्षं दर जानेवारीत मी तेच करते. हात आपोआप चालतो, मी त्यात नसते. जुड्या बांधताना कळ्या बघितल्या आणि आठवलं की हे बी धरायचे. आत तुझी पूजेची घंटा वाजत होती. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही म्हणून एसटीचं नाव काढून पळाले. पळाले त्याची लाज वाटते. मोडले त्याचं दुःख आहे. पण फितूर म्हणशील तर ऐकून घेणार नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी मी नव्हे, आणि हे तुला माहीत आहे.

तिसरं ऐक, आणि मग पाहिजे तर पत्र चुलीत घाल. माझ्या घरात या घडीला चांगल्या कांद्याचं किलोभर बी आहे. मायाक्का म्हणाली, "अत्ती, त्यास्नी थोडं धाडा की, राग जाईल." मी धाडणार नाही. एक दाणासुद्धा नाही. धाडलं तर तू आणखी दीड वर्ष वाफ्याच्या आड बसशील, मग त्याच्या बियाच्या आड. तुझ्या जाण्याचं मी आधी म्हणत होते ते सोडून दे. त्या रात्री बारापर्यंत तू बोलत होतीस, तुझं घर, तुझी गल्ली, तुझं पाणी. तेव्हा मला कळलं की तुला जायचं नाही, आणि बरोबर आहे तुझं. पण हे तू मला सांगितलंस. ज्याला सांगायचं त्याला कांदे दाखवतेस.

पन्नास पोरांच्या आयांशी भांडून तू अंगणवाडी चालवलीस. सरपंचाला तोंडावर "नाही" म्हणालीस, मी बघितलंय. स्वतःच्या पोराला एवढं का घाबरतेस?

विजयमाला


सोलापूर
१ मार्च २०२५

विजू,

तुझं पत्र चुलीत घातलं. चूल गॅसची आहे, म्हणून नीट जळलं नाही, म्हणून परत काढून वाचलं. कोपरा जळलाय, तुझं नाव राहिलंय.

शिवरात्रीला राजशेखर आला. गाडीत रिकामी खोकी घेऊन आला होता. मी त्याला आधी जेवू घातलं, उपवासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मग तो परसात गेला, मी मागून गेले.

तुला एक सांगायचं राहिलं. तू मोडलेस त्यानंतर तीन कांद्यांना बाजूने नवे डेंगळे फुटले होते. मी कुणाला बोलले नव्हते. रोज बघत होते आणि मनात हिशोब मांडत होते की तीन गोंडे म्हणजे किती बी, किती महिने. ते राजशेखरला दिसले. आणि विजू, काय झालं सांगू? पोराचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "अगं, हे आहेत की अजून. म्हणजे पीक निघालं नाही. मेपर्यंत थांबू आपण, मी घरी सांगतो तसं."

तेव्हा मला दिसलं की तोही माझ्यासारखाच कांद्याच्या आड उभा आहे. कुणी विचारलं, आई का नाही आली, तर त्याला सांगायला काहीतरी हवं. आम्ही मायलेक दीड वर्ष त्या वाफ्याला पाणी घालत होतो.

मी खाली वाकले आणि तिन्ही डेंगळे त्याच्यासमोर मोडले. तू मोडतेस तसेच, बुडापासून.

तो म्हणाला, "आई, काय करतेस?"

मी म्हटलं, "पीक निघालं. मी येणार नाही."

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने परत विचारलं, मशीनपाशी तोंड आणून. मी परत तेच सांगितलं. म्हटलं, मी शब्द दिला होता, तो आज मोडते. सगळ्यांसमोर दिला होता, सगळ्यांना सांग की आईने मोडला. मला तुझ्याकडे राहायचं नाही, मला माझ्या घरी राहायचंय. सणाला येईन, आजारी पडले तर तुलाच हाक मारीन, पण घर बंद करणार नाही.

तो पायरीवर बसला. म्हणाला, "मग त्या दिवशीच का नाही म्हणालीस?"

"तू विचारलं नव्हतंस," मी म्हटलं. "तू सांगितलं होतंस."

तो रडला. मीही रडले, पण शब्द मागे घेतला नाही. आतून मला वाटत होतं की आता हा उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही. तसं झालं असतं तरी मी तेच म्हणाले असते, हे मला त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या बसल्या कळलं. ते कळून मला माझीच भीती वाटली.

संध्याकाळी तो निघाला. मोकळी खोकी इथंच ठेव म्हटलं, तर म्हणाला, नको, घेऊन जातो, इथं दिसली तर परत भरावीशी वाटतील. पाया पडला. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत दारात उभी होते. पुण्याला पोचल्याचा मेसेज त्याने केला, दरवेळी करतो तसा, जेवलीस का म्हणून विचारलं. धनलक्ष्मीने रागाने दोन दिवस फोन केला नाही. आज केला, गोळ्या संपल्या का विचारायला.

सिद्धप्पांना गल्लीतून सगळं कळलं. ते म्हणाले, "अक्का, मग आता वाफ्यात काय लावणार?" मी म्हटलं, ठरवलं नाही. खरंच ठरवलं नाही.

तुझ्यावर रागावले होते त्यातला थोडा राग अजून आहे. एकशे अकरा होते गं. तो ठेवून घेणार आहे मी, तुला परत करणार नाही. उन्हाळ्यात ये, पण सकाळी मी उठल्याशिवाय परसात जायचं नाही.

कालच कांद्याची खोडं उपटली आणि माती खणून उन्हाला टाकली. सबंध वाफा मोकळा आहे, त्यात काही म्हणता काही उभं नाही. आणि मी इथंच आहे.

महेश्वरी